नामदेवांच्या गाई

११ जानेवारी, सचखंड एक्सप्रेस

गाडी हलायला लागली तरी धाकट्या भावाने खिडकीचा गज सोडला नव्हता. तो कंधारहून मला पोचवायला म्हणून आला होता. तासभर इकडचं तिकडचं बोलला आणि डबा हलल्यावर म्हणाला, "ताई, सर्जाचं काय करू, तेवढं सांगून जा."

सर्जा म्हणजे आमच्या लाल कंधारी जोडीतला मागे उरलेला बैल. जोडीदार तीन वर्षांपूर्वी गेला. सर्जा आता पुढच्या गुडघ्यांतून गेलाय, बसला की उठवायला दोन माणसं लागतात. पूर्वी असा बैल बाजारात जायचा आणि तिथून पुढे कुठे जातो हे कुणी विचारायचं नाही. २०१५ पासून आपल्याकडे बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे म्हाताऱ्या बैलाला बाजारात गिऱ्हाईकच उरलं नाही. भावाची दोन एकर कोरडवाहू. कडबा विकत घ्यावा लागतो. "सोडून देऊ का रानात?" असं त्याने मागे एकदा विचारलं होतं आणि मग स्वतःच दोन दिवस जेवला नव्हता.

मी त्याला काही सांगू शकले नाही. हात हलवला, एवढंच.

घुमानला जायचं माझ्या मनात बारा वर्षं आहे. नरसी आमच्यापासून किती जवळ! नामदेवांचं जन्मगाव म्हणून तिथे शाळेची सहल न्यायचे मी. आणि त्याच नामदेवांनी आयुष्याचा मोठा काळ जिथे काढला असं सांगतात, ते घुमान इतकं लांब, गुरदासपूर जिल्ह्यात. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. ती मुळातून वाचावीत म्हणून शेजारच्या ग्यानीजींकडून गुरुमुखी शिकले. वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. नामदेवांच्या या पदांत गाय सारखी येते आणि दर वेळी निराळी होऊन येते. मी एका वहीत त्या गाई उतरवून ठेवल्या. पाच भरल्या.

पहिली कपिला. तिचं दूध काढून नामा वाटीत देवापुढे ठेवतो आणि देवाने ते प्यावं म्हणून आर्जवं करतो. ही आपल्याकडच्या प्रत्येक पोराला ठाऊक असलेली गाय. दुसऱ्या गाईचं दूध नामा देवाला द्यायला निघतो आणि थबकतो, कारण आधी वासराने तोंड लावलंय. मग उष्टं काय आणि सोवळं काय, असा प्रश्न तो देवालाच घालतो. एकाच माणसाच्या ओंजळीत ही दोन्ही दुधं! उरलेल्या तिघींबद्दल पुढे लिहीन.

समोरच्या बाकावर एक वृद्ध सरदारजी आहेत, हजूर साहिबचं दर्शन करून परतताहेत. माझ्या वहीत काय आहे ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले आणि म्हणाले, "भैणजी, आमच्यात गऊ पुजायची नसते. राखायची असते."

१३ जानेवारी, बटाल्याजवळचं गाव

काल रात्री उशिरा पोचले. माझ्या मुलाच्या मित्राचं हे घर. त्याच्या आईला सगळे बीबीजी म्हणतात, मीही तेच म्हणते. सत्तरी ओलांडलेल्या आहेत. धुकं असं की अंगणातल्या म्हशी फक्त ऐकू येतात.

तीन म्हशी आणि दोन गाई. घरचं तूप-लस्सी म्हशीच्या दुधाची. गाईंचं दूध डेअरीला जातं. गाई काळ्या-पांढऱ्या, होल्स्टीनच्या संकरातल्या, आमच्या तांबड्या गाईंपुढे त्या मला फार मोठ्या वाटल्या. बीबीजी त्यांना 'अमरीकन' म्हणतात. टोक्यावर बरसीम कापून, त्यात तूडी, म्हणजे गव्हाचा भुसा, मिसळून खुरलीत घालायचं काम त्या अजून स्वतः करतात. आमची कडबाकुट्टी आणि गव्हाण, तेच ते. मी हाताखाली राहिले.

पहिली रोटी तव्यावरून उतरली ती त्यांनी बाजूला काढली. अर्धी गाईला, उरलेली कुत्र्याला आणि पाखरांना. मला नवल वाटलं. आमच्या घरी हा गोग्रास. इथे देव्हारा नाही, कुंकू नाही, गोमूत्राचं नाव नाही, गाईच्या पाठीवरून हात फिरवून कुणी तो कपाळाला लावत नाही. विचारलं, "बीबीजी, हे गुरूंनी सांगितलंय?" त्या म्हणाल्या, "गुरूंनी वंड छकणं सांगितलंय. वाटून खा म्हणून. कुणाला वाटायचं ते थोडंच सांगितलंय? माझी सासू द्यायची, मी देते."

त्यांचा नातू कॉलेजात शिकतो. त्याला घरात 'काका' म्हणतात. पंजाबीत काका म्हणजे लहान पोरगा; मला ही हाक ऐकून दर वेळी मागे वळून बघावंसं वाटतं. त्याला आजीची ही रोटी फारशी रुचत नाही. तो म्हणाला, "आंटीजी, आम्हाला लोक हिंदूंचाच एक पंथ समजतात, मग असल्या गोष्टी पुरावा म्हणून दाखवतात." आणि त्याने आसा दी वारमधली नानकांची जागा सांगितली. परक्या सत्तेच्या चाकरीत राहून गाईवर आणि ब्राह्मणावर कर बसवणारे आणि घरी येऊन शेणाने सारवून पवित्र होऊ पाहणारे, अशांना नानक विचारतात की शेणाने कुणी तरून जातं का. मुलगा बरोबर बोलत होता. नानकांचा राग गाईवर नाही, शेणावरही नाही. दिवसा एक आणि संध्याकाळी दुसरं असं जगणाऱ्या माणसावर आहे. मग मी त्याला नानकांचीच दुसरी जागा विचारली: परक्याचा हक्क हिरावून खाणं हे मुसलमानाला डुकरासारखं आणि हिंदूला गाईसारखं असावं, असं ते म्हणतात ती. त्याला ती माहीत होती. तो म्हणाला, "तिथेही गुरूसाहेब खाण्याबद्दल बोलत नाहीत. हक्काबद्दल बोलताहेत." हे पोरगं पुढे शिकवायला लागलं तर फार बरं होईल.

शीख रहत मर्यादेत अमृतधारी शिखाला कुठ्ठा, म्हणजे हलाल केलेलं मांस, निषिद्ध आहे. गाईसाठी निराळं कलम नाही. आणि तरीही या गावात गाईचं मांस खाणारं एकही घर नाही, असं बीबीजी सांगतात. नियम पुस्तकात नसला म्हणून रक्तात नसतो असं नाही.

रात्री लोहडी. अंगणात पाथ्यांची, म्हणजे गोवऱ्यांची, आणि लाकडांची आग. रेवड्या, शेंगदाणे, गच्चक. या वर्षी घरात नवं बाळ आलंय, म्हणून गाव लोटलं होतं. अकराला सगळे पांगले तेव्हा काका आणि त्याचे वडील बॅटरी आणि काठ्या घेऊन निघाले. कुठे? गव्हाची राखण करायला. मोकाट जनावरं येतात रात्री, कळपच्या कळप.

१४ जानेवारी

पहाटे बीबीजी जपजी म्हणत होत्या. मी गोधडीतून ऐकत होते. सोळाव्या पौडीला, म्हणजे कडव्याला, जीव कान होऊन थांबतो माझा. पृथ्वी बैलाच्या शिंगावर उभी आहे, या जुन्या कल्पनेला नानक तिथे हात घालतात. तो बैल म्हणजे धर्म, म्हणतात, आणि तो दयेचा मुलगा. मग शिक्षकासारखं विचारतात, की बैलावर हा भार, तर बैलाखाली काय? त्याखाली काय?

दयेच्या पोटी जन्मलेला बैल. मी हे मनात घोळवत उठले आणि दार उघडलं, तर फाटकाशी खरोखरच एक बैल उभा.

गावात असल्या बैलांना 'अमरीकन ढट्ठे' म्हणतात. डेअरीसाठी संकरित गाय हवी, तिला गोऱ्हा झाला की त्याला काम नाही. शेत ट्रॅक्टरचं, गाडा कुणी ओढत नाही, रेतनाला नळी येते. पंजाबात गोवंशहत्या १९५५ च्या कायद्याने बंद आहे. मग रात्री ट्रॉलीत घालून दुसऱ्या गावाच्या हद्दीत सोडून येतात; दुसरं गाव त्याला पुन्हा या हद्दीत हाकतं. विजेच्या बिलावर गऊ सेस लागतो, सरकारी गोशाळाही आहेत, पण जनावरं त्यांत मावत नाहीत. शेतकरी मग बांधावर पात्यांची तार लावतो. काल रात्री याने ती ओलांडायचा प्रयत्न केला असणार. मागच्या डाव्या पायाचं कातडं गुडघ्याखाली फाटून लोंबत होतं. तीन पायांवर उभा. आम्हाला बघून तो पळाला नाही, हलला फक्त, आणि लंगडत भिंतीच्या कडेला गेला.

माझ्या वहीतली चौथी गाय ही अशीच. नामदेव पांड्याला म्हणतात, की तुझी ती गायत्री मी लोध्याच्या शेतात चरताना पाहिली, त्याने सोटा घेऊन तिची तंगडी मोडली, आता ती लंगडत लंगडत चाललीय. या पदावर भाष्यं पुष्कळ आहेत. पुराणकथा सांगून देवांना माणसाइतकं लहान करणाऱ्या पांड्याला नामदेव त्याच्याच कथा ऐकवतात, असा त्याचा अर्थ लावतात आणि तो योग्यच आहे. पण आज मला दुसरंच दिसलं. हे पद रचणाऱ्याने शेतात शिरलेली उपाशी गाय पाहिलेली होती. रागावलेला शेतकरी पाहिलेला होता. पोथीत ती गायत्री, देवघरात ती माता आणि बांधावर तिचा पाय मोडलेला. नामदेव पोथी मिटून बांधाकडे बोट दाखवतात. साडेसहाशे वर्षं झाली, सोटा गेला आणि तार आली.

बीबीजींनी गरम पाण्यात कडुनिंबाचा पाला टाकला. काकाने दोर आणला. दोन तास गेले. डॉक्टर संध्याकाळी येतो म्हणाला आणि आला नाही.

१५ जानेवारी, घुमान

माघाची दुसरी. आज इथे नामदेवांचा मेळा असतो. बीबीजींच्या घरच्या ट्रॉलीत बसून आले, गारठ्याने दातखिळी बसली होती.

काय लिहावं! दरबारात शिरल्यावर मला रडू आलं. समाधीपुढे माथा टेकताना ओठांवर आपसूक विठ्ठल आला आणि शेजारी माथा टेकणाऱ्या बाईच्या ओठांवर वाहेगुरू. ती जराही चमकली नाही. तिने माझा हात धरून मला लंगरात नेलं. "तुम्ही बाबाजींच्या माहेरच्या?" असं विचारलं. भगत नामदेवांना इथे बाबाजी म्हणतात, बाबा नामदेवजी. मी 'हो' म्हटल्यावर तिने अजून चारजणींना बोलावलं. २०१५ च्या एप्रिलमध्ये इथे ८८ वं मराठी साहित्य संमेलन झालं होतं, त्याच्या आठवणी त्या बायका अजून सांगतात. किती माणसं आली, कुणाच्या घरी किती उतरली, मराठी पाहुण्यांना साग झेपलं की नाही. माझ्या मनात आलं, आपल्या राज्यात बैलाचा कायदा आला तोही त्याच वसंतातला. तेव्हा इकडे आलेल्या कुणाला रस्त्यावरचे ढट्ठे दिसले असतील का?

कीर्तनात आज राग भैरवमधलं ते पद गायलं. माझी पाचवी गाय. लहानपणी गावच्या देवळात बुवांच्या तोंडून ही गोष्ट ऐकली होती, पण इथे ती नामदेवांच्या स्वतःच्या शब्दांत गातात, आणि ती बुवांच्या गोष्टीहून फार कठोर आहे.

सुलतान नामदेवांना बांधतो. मेलेली गाय उठव, नाही तर मान उडवीन. नामदेव म्हणतात, मेलेलं उठत नसतं, माझ्या हाती काही नाही, राम करील ते होईल. हत्ती अंगावर सोडतात. आई रडते, की राम सोड, खुदा म्हण, जीव वाचव. मुलगा म्हणतो की मी तुझा मुलगा नव्हे आणि तू माझी आई नव्हेस. या ओळीवर माझ्या शेजारच्या बाईने डोळ्याला पदर लावला. लोक नामदेवांच्या भारंभार सोनं देऊ करतात, सुलतान ते नाकारतो. पायांत बेड्या, आणि हातांनी नामदेव ताल धरतात. घटका मोजत मोजत शेवटी गरुडावर बसून देव येतो. गाय उठते. आणि इथे चमत्कार संपत नाही, इथून तो घरगुती होतो: वासरू सोडतात, गाय पान्हावते, दूध काढतात, घागर भरून सुलतानापुढे ठेवतात. पंजाबी श्रोत्यांना हे दूध काढणं फार आवडतं. गाय उठली म्हणजे उभी राहिली एवढंच नव्हे, पान्हावली तर खरी उठली. गोठा असलेल्या माणसालाच हे सुचेल.

पुढे सुलतान आजारी पडतो आणि काजी-मुल्लांच्या तोंडून क्षमा मागतो. कशी मागतो? स्वतःला नामदेवाची गाय म्हणवून. मी आत्तापर्यंत हे कितीदा वाचलं असेल, आज पहिल्यांदा अंगावर काटा आला. ज्याच्या हातात तलवार होती तो म्हणतो, आता मी गाय आहे, मला मारू नकोस. आणि नामदेव त्याच्याकडे काय मागतात? गोवध बंद कर असं नाही. माझ्या देवाला मान असं नाही. सत्याने आणि नम्रतेने चाल, एवढंच.

पंजाबीत साध्या, निरुपद्रवी माणसाला 'गऊ' म्हणतात. आपल्याकडे 'गरीब गाय' म्हणतात तसंच. 'गऊ-गरीब दी राखी' हा शब्द इथे जोडून येतो, गाय आणि गरीब एका श्वासात. परवा गाडीतले सरदारजी जे बोलले ते मला आज कळलं. गाय राखायची ती देव आहे म्हणून नाही. ती स्वतःला राखू शकत नाही म्हणून. आणि मग जो जो स्वतःला राखू शकत नाही तो तो गाय. सुलतानसुद्धा, तो खाली पडल्यावर.

१६ जानेवारी

सकाळी बटाल्याजवळच्या एका गोशाळेत गेलो, ढट्ठ्याला घेतात का विचारायला. चालवणारे लालाजी खत्री, वैष्णव. जागा नव्हतीच, पण त्यांनी आम्हाला फिरवून सगळं दाखवलं. त्यांच्यासाठी प्रत्येक गाय माँ आहे आणि हे नुसतं तोंडाने म्हणणं नाही. एका आंधळ्या गाईला ते स्वतःच्या हाताने भरवत होते. पोटात प्लास्टिक गेलेल्या एका गाईपाशी रात्रभर बसलो होतो, म्हणाले. सांगताना त्यांचा गळा भरून आला. माझ्या वसुबारसेची त्यांना फार अपूर्वाई वाटली. संध्याकाळी सवत्स धेनूची पूजा, त्या दिवशी गाईचं दूध तिच्या वासराचं, आपण घ्यायचं नाही.

काका परतताना म्हणाला, "आंटीजी, वेदांच्या काळात पाहुण्यासाठी गाय मारायचे ना? मग ही माता कधी झाली?" मी त्याला भारतरत्न पां. वा. काण्यांबद्दल सांगितलं. आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात त्यांनी मधुपर्कातलं गोमांस, पाणिनीच्या सूत्रातला पाहुण्यासाठीचा 'गोघ्न' हा शब्द, हे काही झाकलं नाही. त्याच वेदात गाईला 'अघ्न्या' म्हटलंय, मारू नये अशी, हेही सांगितलं. पुढे कलिवर्ज्यांच्या, म्हणजे कलियुगात वर्ज्य गोष्टींच्या, यादीत गोवध आला. गाय उपयुक्त पशू आहे, पूज्य नव्हे, असं सावरकरांनी तर आपल्या मराठीत ठणकावून लिहिलं. परंपरा अशी वाहत आली आहे. माता ही गाईला एका दिवसात दिलेली पदवी नाही, ती शेकडो वर्षांत हळूहळू झाली, म्हणून मला ती खोटी वाटत नाही. लालाजींच्या हातून खाणारी आंधळी गाय बघितल्यावर तर मुळीच नाही. पण माता म्हणायचं आणि गोऱ्ह्याला रात्री ट्रॉलीत घालायचं, तर नानकांचा प्रश्न मग शीख-हिंदू न बघता आपल्या दारात येऊन उभा राहतो.

१७ जानेवारी, मालेरकोटला

कुक्यांचा दिवस. पहाटे चारला निघालो.

नामधारी शिखांना कुके म्हणतात, कूक म्हणजे किंकाळी. भैणी साहिबच्या बाबा रामसिंगांनी १८५७ च्या बैसाखीला ही चळवळ उभी केली. पांढरे कपडे, सरळ बांधलेला फेटा, परदेशी कापड, कचेऱ्या, टपाल यांवर बहिष्कार. गांधीजींचा असहकार अजून साठेक वर्षं लांब होता. पंजाब जिंकल्यावर इंग्रजांनी अमृतसरातही गाई कापायला मुभा दिली, ही जखम या लोकांना सगळ्यांत जास्त झोंबली. जून १८७१ मध्ये काही कुक्यांनी अमृतसरात रात्री कसायांवर हल्ला केला, ४ ठार झाले. पकडले गेले भलतेच लोक. बाबा रामसिंगांनी करणाऱ्यांना सांगितलं, की तुमच्या जागी निरपराध फासावर जातील, जा आणि कबूल व्हा. ते गेले, कबूल झाले आणि फासावर चढले.

जानेवारी १८७२ मध्ये जथा मालेरकोटल्यावर आला. कोटल्यात एका कुक्याच्या डोळ्यांदेखत बैल कापला गेला, अशी गोष्ट सांगतात. लढाईत कोतवाल आणि काही माणसं मेली. कुके शरण आले. लुधियान्याचा डेप्युटी कमिशनर कोवन याने खटला न चालवता १७ जानेवारीला ४९ जणांना तोफेच्या तोंडी दिलं आणि एका पोराला तलवारीने कापलं. त्या पोराने कोवनची दाढी धरली होती म्हणतात. दुसऱ्या दिवशी आणखी १६. रामसिंगांना ब्रह्मदेशात नेलं, ते परत आले नाहीत.

त्या मैदानावर आता उंच खंडा उभा आहे, त्याला ६६ भोकं आहेत, माणसामागे एक. त्यांतून धुकं आरपार जात होतं. पांढऱ्या कपड्यांतली हजारो माणसं बसून होती आणि नामदेवांचं एकही पद कुणी गात नव्हतं, तरी मला तेच आठवत राहिलं.

काका गप्प होता. मुख्य प्रवाहातल्या शिखांना नामधारींचा देहधारी गुरू मान्य नाही, म्हणून घरून निघताना तो थोडा नाखूश होता. परतताना रस्त्याकडेच्या मळ्यातून भाजी घेतली. कोटल्याची भाजी प्रसिद्ध. विकणारे मुसलमान चाचा. काकाचा फेटा बघून त्यांनी पैसे घ्यायला खळखळ केली. सरहिंदला गुरू गोविंदसिंगांच्या लहान मुलांना भिंतीत चिणायचं ठरलं तेव्हा इथल्या नवाबाने, शेर मोहम्मद खानाने, विरोध केला होता. ते ऋण शिखांनी १९४७ मध्ये फेडलं, कोटल्यात कुणाला हात लागला नाही. आज गर्दी कशाची ते चाचांना माहीत होतं. ते एवढंच म्हणाले, "त्या तोफांनी मेलेले गरीब होते. आणि अमृतसरचे ते कसाईही गरीबच होते, बीबी."

हे मी इथे तसंच्या तसं लिहून ठेवते. शहिदांपुढे माझं मस्तक झुकलं, ते मी मागे घेणार नाही. पण त्या चार कसायांची नावं मला कुठल्याही खांबावर दिसली नाहीत. गऊ-गरीब या जोडशब्दाचे दोन तुकडे झाले की काय होतं ते त्या जूनच्या रात्री दिसतं. नामदेवांनी सुलतानालाही गाय होऊ दिलं होतं.

१८ जानेवारी, अमृतसर

पहाटे हरिमंदिरात आसा दी वार ऐकली. शेणाने तरून जाण्याची ती जागा आली तेव्हा काकाने माझ्याकडे बघितलं.

इतिहासाचं थोडं. रणजितसिंहांच्या राज्यात गोवध बंद होता. १८३८ च्या शाह शुजाबरोबरच्या त्रिपक्षीय तहात कलमच घातलं, की दोन्ही फौजा एका ठिकाणी असतील तेव्हा गाय मारायची नाही. त्यांच्या पदरी मुसलमान मंत्री होते, फ्रेंच सेनापती होते, सगळ्यांनी ते पाळलं. मार्च १८४७ मध्ये रेसिडेंट हेन्री लॉरेन्सनेही हुकूम काढला, की दरबार साहिबात जोडे घालून जाऊ नये आणि अमृतसरात गाय मारू नये. दोनच वर्षांत पंजाब खालसा झाला आणि हुकूम कागदावर राहिला.

१९ जानेवारी, गाव

ढट्ठा जगला. डॉक्टर अखेर आला, टाके घातले. पाय कायमचा वाकडा राहणार. गोशाळेत जागा नाही. बीबीजींनी काल रात्री घरात सांगून टाकलं, की हा इथेच बांधायचा. मुलाने हिशेब मांडला, तूडीचा भाव, बरसीमचा भाव. त्या म्हणाल्या, "मी एक रोटी कमी खाईन असं म्हणत नाही. तुम्ही सगळे थोडी थोडी कमी खा."

दुपारी तो खुरलीशी बांधलेला होता. बाजूच्या गाईचं वासरू कालच दुसऱ्या गोठ्यात हलवलं म्हणून ती सारखी हंबरत होती. माझी तिसरी गाय, वासराविना एकटी पडलेली, जिच्या तळमळीने नामदेव देवासाठी तळमळतात. ७२ च्या दुष्काळात वडिलांनी तांबडी विकायला काढली तेव्हा आईने तिला हळदकुंकू लावलं होतं. वासरू घरी राहिलं. ते तीन रात्री ओरडत होतं आणि चौथ्या रात्री थांबलं. आई त्यानंतर कधी बाजाराच्या वाटेने गेली नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आज बीबीजींना सांगितलं. त्यांना मराठी येत नाही, माझं हिंदी भरून आलं की मराठी होतं, तरी त्यांना कळलं.

संध्याकाळी कंधारला फोन लावला. भाऊ म्हणाला, सर्जा आज दोनदा स्वतः उठला. मी म्हटलं, सोडू नकोस त्याला. निम्मा कडबा माझ्याकडे, पेन्शनमधून दर महिन्याला पाठवीन. तो काही बोलला नाही. मग मी विचारलं, शेकडा कसा चाललाय यंदा? त्याने भाव सांगितला. तो आकडा मी वहीत पाचव्या गाईच्या खाली लिहून ठेवला आहे.